टाइप १ मधुमेह असलेलं मूल आणि स्पर्धेचं मैदान : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला टाइप १ मधुमेह निघाला तेव्हा मी दहा वर्षांची होते, पाचवीत. खो-खो त्याआधीपासून खेळत होते. गाव चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं. घरी केळीची शेती. पुढे शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग असं करत राज्य पातळीपर्यंत खेळले. आता एका माध्यमिक शाळेत क्रीडा शिक्षिका आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आईबापांचे फोन येतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. इन्सुलिनचा डोस तुमच्या मुलाचे डॉक्टरच ठरवतील. मी सांगते आहे ते मैदानावरचं आणि घरातलं.

हा आजार निघाला म्हणजे पोराचा खेळ संपला का?

नाही. हे उत्तर मला कोणी लवकर दिलं नव्हतं, म्हणून सगळ्यात आधी लिहिते.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा पहिला निर्णय झाला तो माझा खेळ बंद करण्याचा. कोणी रागाने नाही, काळजीने घेतला. पण मैदान सुटलं आणि मी खाटेवर बसून राहिले. दोन महिन्यांत शुगर सुधारायची ती बिघडलीच. पुन्हा धावायला लागले तेव्हा तेवढंच इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं. काम करणारा स्नायू साखर ओढून घेतो, आणि खेळ थांबल्यावरही काही तास इन्सुलिनला चांगली साथ देतो.

मोठ्या मैदानांवरची उदाहरणं हवी असतील तर ती आहेत. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला. तो त्यानंतर सहा वर्षं खेळला आणि २००३च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांत ५०० बळी घेणारा पहिला गोलंदाज ठरला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनिअर याला १९९९ मध्ये टाइप १ निघाला. पुढच्याच वर्षी सिडनीला आणि मग २००४ मध्ये अथेन्सला त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला तर अगदी लहानपणापासून हा आजार आहे, आणि त्याच्याकडे टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण आहे. या तिघांपैकी कोणीही इन्सुलिन सोडून जिंकलेलं नाही.

आजी म्हणते, गोड जास्त खाल्लं म्हणून झालं. खरं का?

नाही. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात गुळाचा दोष नाही, आईच्या हातच्या लाडवाचा नाही आणि पोराच्या हट्टाचाही नाही. कृपा करून मुलासमोर कोणालाच दोष देऊ नका. माझ्या आईने वर्षभर स्वतःला कोसलं, आणि ते मी बघत होते.

रोज खेळला की शुगर उतरते. मग सुया बंद करता येतील का? कोणी कारल्याचा रस सांगतं, कोणी जांभळाच्या बिया.

हा प्रश्न आला की माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद म्हणजे काही दिवसांत जीवावर बेतणं. कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉमसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं थोड्याच काळात जायची. कारली, जांभूळ त्या काळातही होतीच.

खेळाने इन्सुलिन कमी लागू शकतं. शून्य होत नाही. अंगात इन्सुलिन नसताना धावलं तर शुगर उतरत नाही, उलट चढते, आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. पोटात दुखणं, उलट्या, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असं दिसलं तर मैदान विसरा आणि थेट दवाखाना गाठा.

मैदानात उतरण्याआधी शुगर किती हवी?

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजही हे आहे. तुमचे डॉक्टर थोडे वेगळे आकडे सांगतील, तर त्यांचेच पाळा.

७० च्या खाली असेल तर खेळ नाही. आधी साखर खायची, शुगर वर आल्यावरच बूट घालायचे. ७० ते ९० मध्ये असेल तर थोडं खाऊन, थांबून, पुन्हा तपासून उतरायचं. १२६ ते १८० ही लांब सरावासाठी सगळ्यात चांगली जागा. २५० च्या वर असेल तर आधी कीटोन तपासायचे. लघवीच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. कीटोन असतील तर त्या दिवशी खेळ नाही. नसतील आणि पोराला बरं वाटत असेल, शिवाय नुकतंच जेवण झाल्यामुळे शुगर चढलेली असेल, तर हलकं सुरू करायला हरकत नसते.

एक नियम मात्र सरावाच्या नादात लोक विसरतात. आधीच्या २४ तासांत मुलाला जोराची लो झाली असेल (शुगर फार खाली गेली की आम्ही ‘लो’ म्हणतो), म्हणजे दुसऱ्या कोणाला येऊन सांभाळावं लागलं असेल, तर त्या दिवशी सामना कोणताही असो, मुलाने खेळू नये. एकदा लो झालेलं शरीर पुढच्या लोची खूण नीट देत नाही.

आणि एकच आकडा पाहून उतरू नका. अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा तपासा. १४० वर स्थिर असणं वेगळं आणि २०० वरून घसरत १४० वर आलेलं असणं वेगळं.

सरावात शुगर उतरते आणि मॅचला चढते. मशिन बिघडलंय का?

मशिन बहुतेक वेळा बरोबर असतं. मी स्वतः यात दोन वर्षं फसले.

तासभर एका लयीत पळालं, सायकल चालवली, फेऱ्या मारल्या की शुगर उतरते. पण कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. खो-खोत खो मिळाला की क्षणात उसळी. कुस्ती, १०० मीटर, वजन उचलणं यात शरीर एकदम जोर लावतं, ॲड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. त्यात भर सामन्याच्या ताणाची. समोर शिरपूरचा तगडा संघ, मैदानाभोवती गर्दी, शिट्टी वाजायच्या आत मुलाची शुगर २६०. सरावाला तेवढंच जेवण, तेवढंच इन्सुलिन घेऊन ती ११० असते.

धोका नंतर आहे. तो आकडा बघून घाबरून पूर्ण डोस टोचला की दोन तासांनी ताण ओसरतो, स्नायू साखर ओढू लागतात, वरून ते इन्सुलिन कामाला लागतं आणि मूल कोसळतं. सामन्यानंतरच्या चढलेल्या शुगरला मी आधी पाणी पाजते आणि तासाभराने पुन्हा तपासते. डोस द्यायचाच झाला तर नेहमीपेक्षा किती कमी, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं असतं.

याच स्वभावाचा उपयोगही होतो. लांब सरावाच्या शेवटी दहा सेकंद जीव तोडून धावायला लावलं तर लगेच होणारी घसरण काही वेळ रोखली जाते. माझ्या संघातली टाइप १ची मुलगी सरावाचा शेवट तसाच करते. बाकीच्याही तिच्यासोबत धावतात.

मशिन खरंच खोटं बोलतं ते वेगळ्या कारणाने, आणि ते आपल्या भागात जास्त. मुलाने केळ सोलून खाल्लं आणि हात न धुता बोट टोचलं, तर बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि आकडा भलताच वर दिसतो. ग्लुकोज पावडर चिमटीने खाल्ली तरी तसंच. पाण्याने हात धुवून, कोरडे करून मगच टोचा.

सरावाच्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचं?

खेळाच्या आधीच्या दोन-तीन तासांत जेवण झालं असेल तर त्या जेवणाचं इन्सुलिन डॉक्टर बहुधा पाव ते अर्ध्यापर्यंत, कधी त्याहून जास्त कमी करतात. खेळ किती लांब आणि किती जोराचा यावर ते ठरतं. तुमचा आकडा कागदावर लिहून मागा. ‘थोडं कमी करा’ यावर समाधान मानू नका.

आपल्याकडे अजून बऱ्याच मुलांना सकाळ-संध्याकाळ ३०/७०चं मिश्र इन्सुलिन चालू असतं. त्यातला सकाळचा लांब चालणारा भाग दुपारी जोरात असतो, आणि शाळेचा सराव चारला. म्हणजे मूल भरलेल्या इन्सुलिनवर धावायला लागतं. मी सहावी-सातवीत रोज साडेचारला लो व्हायचे आणि सगळ्यांना वाटायचं, पोरगी नाजूक आहे. मूल स्पर्धेत खेळणार असेल तर जेवणागणिक वेगळं आणि दिवसभराचं वेगळं, अशी पद्धत त्याला जमेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणि पळायच्या आधी मांडीत टोचू नका. पळणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं. पोटावर टोचलेलं बरं.

मैदानावर लो झाली तर नेमकं काय करायचं?

हात थरथरणं, घाम, ओठांना मुंग्या हे पुस्तकात असतं. मैदानावर घाम सगळ्यांनाच असतो. म्हणून मी मुलांच्या वागण्याकडे बघते. शहाणी पोर उगाच चिडली, सोपा खो चुकली, चुकीच्या बाजूला धावली, एका जागी उभी राहून बघत राहिली की मी तिला थांबवते.

तपासायला मशिन हाताशी नसेल तर लोच आहे असं धरा. ५० किलोच्या मुलाला १५ ग्रॅम साखर लागते, म्हणजे तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, नाहीतर साधारण १५० मिली गोड थंड पेय. ३० किलोच्या मुलाला १० ग्रॅम पुरतं. पंधरा मिनिटं बसवायचं, पुन्हा तपासायचं, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. शुगर वर आली आणि पुढे खेळायचं असेल तर त्यावर अर्धं केळ किंवा दोन-चार बिस्किटं.

पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू लोसाठी चालत नाहीत. त्यातलं तूप-तेल साखरेला रक्तात जायला उशीर लावतं. केळसुद्धा पहिला उपाय नाही. आमच्याकडे केळीचे घड दारात पडलेले असत, म्हणून आई आधी तेच द्यायची आणि मला सावरायला फार वेळ लागायचा. आधी साखर, मग केळ.

मूल बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. शुगर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन मिळू शकतं का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि मिळालं तर ते कसं द्यायचं हे संघाच्या सरांनाही शिकवा.

सामना झाला, शुगर १४० आली, मूल जेवून झोपलं. आता निश्चिंत व्हायचं ना?

नाही. ही रात्रच सगळ्यात सांभाळायची.

आठवीत होते. जळगावला जिल्हा स्पर्धा, एका दिवसात दोन सामने. रात्री एसटीने परतलो. शुगर १४०, छान म्हणून थोडी शेवभाजी-भाकरी खाऊन झोपले, आणि रात्रीचं इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं. शेतीला वीज रात्रीची असायची. बाबा अडीच-तीनला केळीला पाणी सोडायला, मोटर सुरू करायला उठले. जाताना सहज कपाळावर हात ठेवला तर मी घामाने चिंब आणि अंग गार. हाक मारली तर नुसतं हूं. शुगर ३८. गिळता येत होतं म्हणून त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. ‘ऊठ वं माय, साखर खाई ले’, हे ते सारखं म्हणत होते, एवढंच मला आठवतं. त्या रात्री त्यांना वीज दिवसाची मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

होतं असं की दिवसभराच्या खेळात स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो. रात्री झोपेत स्नायू तो भरून घेत राहतात, आणि इन्सुलिनचा परिणामही वाढलेला असतो. दुपारी-संध्याकाळी खेळलं तर मध्यरात्र ते पहाटे तीन या वेळेत शुगर घसरण्याची भीती जास्त, आणि हा परिणाम २४ तासांपर्यंतही राहू शकतो. झोपेत मुलाला खूण कळत नाही.

त्यानंतर आमच्या घरात ठरलं. सामन्याच्या रात्री झोपताना शुगर १२६ च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही. त्यासाठी दूध, नाहीतर अर्धी भाकरी आणि डाळ. रात्रीच्या लांब चालणाऱ्या इन्सुलिनमध्ये डॉक्टरांनी पाचवा हिस्सा कमी करायला सांगितलं. आणि तीनच्या गजराला बोट टोचायचं. बाबा नाहीतरी उठायचेच. मोटर सुरू करायची, घरी येऊन बॅटरीच्या उजेडात माझं बोट टोचायचं, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, आणि मग पुन्हा शेतात. बारावीपर्यंत एकही सामन्याची रात्र त्यांनी चुकवली नाही.

खायचं काय? भरीत-पुरी, आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाईचे रोट हे सगळं बंद का?

बंद काहीच नाही, मोजून मात्र सगळं. पिष्ट पदार्थांचा अंदाज हाताला बसला की अर्धी लढाई सोपी होते. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम पिष्ट. मध्यम केळात २५ च्या आसपास. वांग्याच्या भरतात जवळपास नाहीच, ते पुरीत आहे. महिनाभर घरच्या काट्यावर पीठ तोलून भाकरी करा, पुढे काटा लागणार नाही. कळण्याची भाकरी उडदामुळे पोटात जास्त वेळ राहते. सरावाच्या तीन तास आधी मला तीच मानवायची.

तासाभराहून लांब खेळ असेल आणि इन्सुलिन आधी कमी केलेलं नसेल तर दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम पिष्ट लागतं. ४० किलोच्या मुलाला २० ते ४० ग्रॅम, म्हणजे एक केळ किंवा त्याहून थोडं जास्त. या कामाला केळ अगदी योग्य आहे, आणि ते आपल्याइतकं ताजं आणि स्वस्त कोणाला मिळतं!

आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस मीही खाते. त्या दिवसाचा डोस वेगळा असतो एवढंच. उपास करून सरावाला मात्र पाठवू नका. नवरात्रात मुली न सांगता उपास धरतात, तेव्हा विचारून घ्या.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला जातो. इन्सुलिन कसं सांभाळायचं?

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलं की ते वाया गेलं. वापरातली बाटली ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे टिकते. पण भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ३० अंश घरात मिळतातच कुठे? दुपारी वीज गेली की फ्रिजही तापतो.

आमच्याकडे माठ होता. मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. पाणी बाटलीला लागू द्यायचं नाही. खान्देशाचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि मडकं छान गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच माठ तितका गार होत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

मैदानावर नेताना ओल्या रुमालात गुंडाळलेली डबी पाण्याच्या थर्मासशेजारी, सावलीत. मोटरसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावर कधीच नाही. मशिन आणि पट्ट्यांनाही हेच लागू: बहुतेक मशिनं ४० अंशांच्या आसपासपर्यंतच भरवशाची असतात. तापलेल्या बाकावर ठेवलेल्या मशिनने मला एकदा नुसती खूण दाखवली, आकडा दिलाच नाही.

नेहमीचा डोस घेऊनही दोन-तीन दिवस शुगर उतरत नसेल तर बाटली उन्हाने मेलेली असू शकते. नवी उघडून बघा.

स्पर्धेला परगावी जाताना काय विसरायचं नाही?

सगळं दुप्पट, दोन वेगळ्या पिशव्यांत. एक मुलाकडे, एक सरांकडे.

सुईबद्दल मात्र जपून. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक दर मिलीला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. परगावच्या मेडिकलमधून घाईत चुकीची सिरिंज घेतली तर ४० च्या बाटलीतून अर्ध्याहून कमी डोस जातो. उलट झालं तर अडीच पट, आणि तो जीव घेऊ शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मुलालाच मोठ्याने वाचायला लावा.

शाळेत सांगायचं का? मुलगी आहे, उद्या लग्नाचा प्रश्न येईल.

सांगायचं. मला माहीत आहे हे किती जड आहे. आमच्याकडेही नातेवाइकांनी ‘बाहेर बोलू नका’ असंच बजावलं होतं. मी दोन वर्षं शाळेच्या संडासात सुई टोचली, आणि लो झाले की पोट दुखतं म्हणून सांगितलं. एकदा तर मैदानाच्या कडेला पडले आणि मैत्रिणी उन्हाने चक्कर आली म्हणून पाणी शिंपडत राहिल्या. त्यांचा काय दोष? त्यांना माहीतच नव्हतं. लपवल्याने मुलीचं नाव वाचत असेल, जीव वाचत नाही.

सांगितल्यावर सगळं सोपं झालं असंही नाही. एका शिक्षकांनी ‘जबाबदारी कोण घेणार’ म्हणत मला संघातून काढलं. बाबा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं पत्र घेऊन गेले. त्यात तीनच गोष्टी होत्या: खेळायला हरकत नाही, लो झाली तर काय द्यायचं, कोणाला फोन करायचा. असं एका पानाचं पत्र मराठीत करून घ्या. शिक्षकांची भीती बहुतेक वेळा माहिती नसल्याची असते. मी आता त्यांच्या जागी आहे, म्हणून हे नक्की सांगू शकते.

संघातल्या दोन मुलांना शिकवून ठेवा. मोठ्यांपेक्षा ती लवकर ओळखतात. आणि सुई टोचण्यात लाज कसली? २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये झ्वेरेव्हला कोर्टवर इन्सुलिन टोचू नकोस असं सांगितलं गेलं, तेव्हा त्याने उघडपणे आपलं म्हणणं मांडलं. तुमचं मूल बाकावर बसून बोट टोचत असेल तर त्याला आडोशाला पाठवू नका.

सेन्सर लावून कबड्डी खेळता येते का?

येते, पण अंगावर चिकटवून सतत शुगर दाखवणारा हा सेन्सर पकडीत निघतो. दंडावर मागच्या बाजूला लावून वरून चिकटपट्टी आणि बाहीचा पट्टा लावला तर टिकतो. जोरात खेळताना सेन्सरचा आकडा रक्ताच्या मागे पाच ते पंधरा मिनिटं चालतो, त्यामुळे अंग लो म्हणत असेल आणि सेन्सर १०० म्हणत असेल तर अंगाचं ऐका. खर्च परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मी एकही सामना सेन्सर लावून खेळले नाही. महिन्यातून एखादाच लावता येत असेल तर तो स्पर्धेच्या आठवड्यात लावा, रात्रीचे आकडे कळतील.

इन्सुलिन हे उत्तेजक मानतात म्हणे?

हो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडा हिच्या यादीत इन्सुलिनवर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. पण ज्याला ते उपचार म्हणून लागतं त्याला वैद्यकीय सवलत मिळते. खेलो इंडियासारख्या स्पर्धांत आपल्या नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) तपासणी होते. मूल राष्ट्रीय पातळीकडे निघालं असेल तर निदानाचे कागद, डॉक्टरांचं पत्र आणि तपासण्या जोडून हा अर्ज वेळेत करा. जुने कागद फेकू नका.

पाळीच्या दिवसांत शुगर वेडीवाकडी होते.

होते. बऱ्याच मुलींची पाळीच्या आधी काही दिवस चढते आणि सुरू झाली की उतरते. तीन महिने वहीत तारखा लिहा म्हणजे तुमच्या मुलीची तऱ्हा कळेल. वयात येताना मुलामुलींना एकूणच इन्सुलिन जास्त लागतं. त्यात मुलाची काही चूक नाही.

कोणता खेळ निवडावा?

मुलाला आवडेल तो. कुस्तीबद्दल एकच कळकळीचं: वजनगटात बसण्यासाठी इन्सुलिन कमी घेऊन वजन उतरवायचं हे कोणीही, कोणत्याही वस्तादाने सांगितलं तरी करू नका. तसं उतरलेलं वजन म्हणजे शरीर स्वतःला जाळतंय. पोहायला एकटं पाठवू नका, तापीत तर नाहीच. अनवाणी खेळणाऱ्या मुलाचे पाय रोज रात्री बघा.

आमच्या गावात असं दुसरं मूलच नाही. पोरगं एकटं पडलंय.

मीही नववीपर्यंत तशीच होते. मग धुळ्याला विभागीय स्पर्धेत, आमचा सामना संपल्यावर, समोरच्या संघातली नवापूरकडची एक मुलगी मंडपामागे उकिडवी बसलेली दिसली. ती बोटाचा थेंब हाफ पँटला पुसत होती. मी जवळ जाऊन नुसतं विचारलं, ‘कितीये?’ तिने वर न बघता सांगितलं, ‘एकसष्ट.’ तिच्याकडची पावडर संपली होती, माझ्याकडे होती. तिच्या पट्ट्या संपत आल्या होत्या, पण माझ्या पट्ट्या तिच्या मशिनला बसत नव्हत्या, म्हणून दोघींनी माझ्याच मशिनवर तपासलं. पंधरा मिनिटं वाट बघायची होती, तेवढ्यात तिने मला विचारलं, ‘तुझ्या घरी रात्री कोण उठतं?’

तालुक्याच्या दवाखान्यात, जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना सांगा की याच आजाराच्या दुसऱ्या मुलाच्या घरच्यांशी बोलायचं आहे, तुमचा नंबर त्यांना द्या. आणि स्पर्धेला गेलात की मंडपाच्या मागे एक चक्कर मारा.